आजीच्या आवाजाची दुसरी प्रत

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यात, कृष्णराव आजोबांच्या बैठकीत, खिडकीशी माझा मुक्काम असतो. अंगावर विजयाबाई आजींनी शिवलेली फुलाफुलांची खोळ आहे. ती मला कधीच आवडली नाही, पण आता कोणी काढून नेली तर मला सोसणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला कोण जाणे! शहरातल्याच पडाव भागातल्या एका दुकानातून आजोबांच्या मांडीवर बसून रिक्षाने घरी आलो, एवढं मात्र आठवतं. आजींनी मला हळदकुंकू वाहिलं. पुढे मी आजोबांची पत्रं टाइप केली, नात प्रांजलीला चित्रं रंगवायला शिकवलं. पाहुणे आले की माझी खोळ काढून मला दाखवलं जाई. काय तो माझा तोरा! मग घरात मोबाईल आले आणि माझं कौतुक आटलं.

एकच काम उरलं. आजी जाण्याआधीच्या नवरात्रात आजोबांनी त्यांचं भोंडल्याचं गाणं माझ्यात रेकॉर्ड केलं होतं. मध्येच दूधवाला आला, तेव्हा गाणं थांबवून आजी ओरडल्या होत्या, "भैया, आज आधा लीटर ही!" आणि पुन्हा गाऊ लागल्या होत्या. रोज दाढी करताना आजोबा ते लावत, नेमके त्या जागी हसत आणि गाल कापून घेत.

यंदा प्रांजलीची बारावी. कॉम्प्युटर सायन्सच्या थिअरीसाठी ती माझ्यासमोर येरझारा घालत पोपटासारखी घोकायची. त्याच दिवसांत माझी हार्ड डिस्क, म्हणजे सगळं साठवायची जागा, टक् टक् वाजू लागली.

"बेटा, आजीचा आवाज तुझ्या मोबाईलमध्ये उतरवून घे ना," आजोबा म्हणाले.

"आजोबा, पेपर होऊन जाऊ दे, फिर पक्का करते." आणि पुन्हा घोकणं सुरू, "बॅकअप यानी ज़रूरी डेटा की दूसरी कॉपी, अलग जगह पर..."

मी टकटकत राहिलो. हार्ड डिस्क बिघडण्याची लक्षणंसुद्धा तिला तोंडपाठ होती हो!

पेपर देऊन ती उड्या मारतच आली. "आजोबा, बॅकअपचाच सवाल आला! पूरा लिहून आले!"

"शाबास! मग आता आजीचा घे."

तिने बटण दाबलं. मी जिवाच्या आकांताने धडपडलो, पण पडदा काळाच राहिला. दोघांनी मला पडावला नेलं. दुकानदाराने तपासून मान हलवली. "अंकल, इसमें से अब कुछ नहीं निकलेगा."

प्रांजली परतताना वाटभर रडत होती. आजोबा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आजोबा गालाला साबण लावून बसले. सवयीने हात माझ्या बटणापर्यंत आला आणि मागे गेला. मग ते स्वतःच, बेसूर, भोंडल्याचं गाणं म्हणू लागले. मध्येच थांबले. खिडकीकडे तोंड करून थेट आजींच्या ठसक्यात ओरडले, "भैया, आज आधा लीटर ही!" खाली रस्त्यावर कोणीच नव्हतं. दारात उभी असलेली प्रांजली तोंडावर ओढणी दाबून आत पळाली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण तुमच्या माणसाचा आवाज ज्याच्या पोटात आहे, त्याची टकटक ऐकत जा. पेपर संपायची वाट पाहू नका.