मीठ चवीपुरतं

सुनेने सासऱ्यांचं मनगट धरलं, तेव्हा हॅमचा काप त्यांच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता.

"बाबा, खाली ठेवा तो."

"हे खाणं नाही, काम आहे," सासरे म्हणाले. "चव बघतोय."

"चव बघून बघूनच ब्लडप्रेशर चढलंय."

काउंटरमागे मुलगा सलामीची, म्हणजे खारवलेल्या मांसाची, जाड कांडी घेऊन उभा होता. बायको बरोबर की वडील, हे सांगायची पाळी येऊ नये म्हणून त्याने काप पाडायचं यंत्र सुरू केलं. सलामी हातातच राहिली. यंत्र नुसतंच फिरत होतं.

दुकान सासऱ्यांनी तरुणपणी थाटलेलं. मांस मिठाच्या पाण्यात मुरवण्यापासून धुरावर टांगण्यापर्यंत सगळं मागच्या खोलीत, त्यांच्या हाताने व्हायचं. सून इस्पितळात आहारतज्ज्ञ. असलं टिकवलेलं मांस रोज खाऊ नका, त्यात मीठ भरमसाट असतं, वर आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असं दिवसभर लोकांना सांगून संध्याकाळी ती याच दुकानावरच्या माडीवर राहायला यायची. शेजारचा न्हावी म्हणायचा, "सासरा आजारी पाडतो, सून बरं करते. घरचं गिऱ्हाईक बाहेर जात नाही."

पण गेल्या आठवड्यात सासरेच दुकानात घेरी येऊन खाली बसले, आणि डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं. तेव्हापासून सून इस्पितळात जाण्याआधी दुकानात डोकावू लागली होती.

"बरं, मग चव बघायची कोणी?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमचा मुलगा आहे की."

"हा? याला साबण चाखायला दिला तरी छान म्हणेल."

"ते खरंय," मुलगा यंत्र बंद करत म्हणाला.

"मग मी बघते," सून म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने या दुकानातलं काही तोंडात घातलं नव्हतं.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "बाहेर पाटी लावू का? इस्पितळातल्या बाईंनी चाखलेलं."

"लावून तर बघा."

ते लाकडाची धग बघायला आत गेले. सुनेने कापाचा तुकडा जिभेवर ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ, नुसतं मीठ. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"वर्ष झालं असेल. न्हावी तर हल्ली धुऊन खातो."

"आणि तू गप्प बसलास?"

"काय सांगू त्यांना? तुमची जीभ गेली म्हणून?"

सासरे हात पुसत बाहेर आले. तपासणीचा निकाल ऐकायला बसलेली माणसं बघतात, तसे ते तिच्याकडे बघत होते. अशांना स्पष्ट सांगण्याचाच तिला पगार मिळायचा.

"धूर सुरेख लागलाय," ती म्हणाली.

"आणि मीठ?"

"माझ्या जिभेला थोडं जास्त वाटतं. पण आमच्या इस्पितळात सगळंच अळणी."

"थोडं म्हणजे किती?"

"एक मूठ कमी करून बघू."

ती वाद घालायच्या तयारीत होती. पण सासऱ्यांनी मान डोलावली आणि ते आत गेले.

मग रोजचं ठरून गेलं. ती येता-जाता चिमूटभर तुकडा चाखायची, "अजून अर्धी मूठ" म्हणायची, आणि सासरे एका शब्दाने न भांडता तेवढं कमी करायचे. त्या माणसाने आजवर कुणाचं काही ऐकल्याचं मुलाला आठवत नव्हतं.

एका सुट्टीच्या सकाळी ती खाली आली नाही, तर सासरेच बशी घेऊन वर आले आणि धापा टाकत जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकले. तिने दारातच तुकडा तोंडात टाकला.

"आज नेमकं झालंय, बाबा."

"झालं ना? बरं झालं." त्यांनी बशी मांडीवर ठेवली. "मला कळत नाही गं. वर्षभर काहीच कळत नाहीये. धूर नाही, मीठ नाही."

तिने विचारलं, "मग रोज चव बघत होता ते?"

"गिऱ्हाइकांसमोर तोंड तर हलवायला हवं. मीठ कमी पडून माल नासायला नको, म्हणून अंदाजाने जास्तच टाकत होतो." त्यांनी खाली दुकानाकडे पाहून आवाज उतरवला. "त्याला सांगू नकोस हं. धास्ती घेईल."

"नाही सांगत."

त्यांनी बशी तिच्यापुढे धरली.

"आज कसं लागतंय ते नीट सांग की," ते म्हणाले. "आधी धुराचं सांग."

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली आणि तिने आणखी एक तुकडा तोंडात घातला. या वेळी सावकाश चावला.