मिठाचं शिसं

मिस्त्रींच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. धक्क्याच्या या टोकाला जा, त्या टोकाला ये, क्रेनखाली उभं राहा, परत फिर. विद्यापीठाच्या प्रोफेसरबाई दोनदा म्हणाल्या, "अहो, बसा की जरा! तुमच्याकडे बघून मलाच धडकी भरतेय." बसतात कसले! एकवीस वर्षं विद्यापीठाच्या कार्यशाळेत काढलेला माणूस, पण आज आपल्याच हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

समोर धक्क्यावर, क्रेनच्या पट्ट्यांत बांधलेलं पिवळं यान पडलं होतं. माणसापेक्षा हातभर लांब, पाण्याखाली आपलं आपण फिरून बंदराचा तळ तपासणारं. ते बांधलं विद्यापीठानं, विकणार होती कंपनी. करारात एक कलम होतं. विद्यापीठानं यान हौदातल्या गोड्या पाण्यात तोलून द्यायचं. समुद्रासाठीचं जादा वजन कंपनीनं घालायचं. खारं पाणी जड, ते यानाला जास्त वर ढकलतं, म्हणून पाच किलो शिसं आणखी लागायचं. सगळे त्याला 'मिठाचं शिसं' म्हणत.

कंपनीकडून ते घालणारी इंजिनियर म्हणजे मिस्त्रींचीच थोरली लेक. धक्क्यावर हे कुणाला ठाऊक नव्हतं. "कामावर मी तुमची कुणी नाही हं बाबा," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "वशिल्यानं आली म्हणतील." तेव्हापासून ती त्यांना 'मिस्त्री' म्हणायची आणि ते तिला 'मॅडम'. घरी जेवताना दोघं यावरून पोट धरून हसायचे.

मागच्या चाचणीला मात्र हसू आलं नव्हतं. तिचं शिसं कमी पडलं, यान काही केल्या बुडेचना, आणि कंपनीच्या साहेबांनी तिला चारचौघांत अशी झाडली की बापाला तिथं मूग गिळून उभं राहावं लागलं. आता तिची नोकरी कायम होणं आजच्या चाचणीवर येऊन ठेपलं होतं. म्हणून परवा, कागदावर यानाचं गोड्या पाण्यासाठीचं वजन लिहून सही केल्यानंतर, मिस्त्रींनी पाच किलो मिठाचं शिसं गुपचूप आत बसवून टाकलं. अगदी ग्रॅमात नेमकं! लेक दोन दिवस बंदराजवळच मुक्कामाला होती, आणि ही काही फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. सकाळी गाठून कानात सांगू, तू काही घालू नकोस, झालं. एवढा साधा बेत.

पण साहेब सकाळपासून तिला चिकटलेले. "मॅडम, एक मिनिट," मिस्त्री दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा तिनं डोळे वटारले. "मिस्त्री, नंतर."

आणि आता झाकण बंद झालं होतं. लेकीच्या पायाशी शिशाची रिकामी पिशवी पडली होती.

 म्हणजे दोघांनीही घातलं! यान थेट तळाला जाऊन गाळात रुतणार, तीन वर्षांची मेहनत मातीत, आणि कागदावर नाव पोरीचं. बोललो तर करार मोडल्याचं बालंट आपल्यावर येईल. येऊ दे की! आपल्यावरच येईल ना, तिच्यावर तर नाही! क्रेनची मोटर घरघरली, यान जमिनीपासून सुटलं.

"थांबवा!" मिस्त्री ओरडले. "शिसं दुप्पट झालंय! मी घातलंय आत, मी! मॅडमची काही चूक नाही!"

क्रेन थांबली. प्रोफेसरबाईंनी कपाळाला हात लावला. लेक जागच्या जागी पांढरी पडली होती.

साहेब मात्र चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे फाइल उघडली. "मिस्त्री, यान इथं आलं की आम्ही आधी काट्यावर चढवतो. पाच किलो जादा असते तर तेव्हाच दिसले असते." त्यांनी पान उलटलं. "मॅडम, इथं तर वजन बरोबर लिहिलंय. केलं होतं ना?"

अरे देवा, हे डोक्यातच नाही आलं! काटा बिघडला होता म्हणावं, काहीतरी थाप मारावी, असं मिस्त्रींना वाटलं, पण लेक आधीच बोलली.

"नाही केलं," ती म्हणाली. "त्यांच्या कागदावरचा आकडा तसाच उतरवला."

"का?"

"बाबांची सही होती."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "यान खाली घ्या," ते म्हणाले. "सगळं शिसं काढून मोजा. चाचणी दुपारी. तुमच्या कायमच्या पत्राचं पुढच्या वर्षी बघू."

मग बाप-लेक उघड्या झाकणापाशी उकिडवे बसले. मिस्त्रींना तिची माफी मागायची होती. त्यांनी आत हात घालून पहिला तुकडा काढला. "अर्धा किलो," ते म्हणाले. तिनं तो काट्यावर ठेवला, आकडा वाचला, लिहिला. दुसरा आला. तोही अर्धाच.

"अगं, सगळे एकाच साच्यातले आहेत," मिस्त्री हलकेच म्हणाले. "मीच ओतलेत."

तिनं मान वर केली नाही. त्यांच्या हातातला तिसरा तुकडा घेतला आणि काट्यावर ठेवला.