आधी उतरणारं सामान

उस्तादाने डिकीतली पेटी दोन्ही हातांनी हिसकून बाहेर काढली आणि अंगणातल्या फरशीवर आदळली. झाकण उघडलं, आतले डबे गडगडत फाटकापर्यंत गेले. पाठोपाठ अंथरुणाची वळकटी आली, निळी बॅग आली आणि शेवटी, अगदी तळातून, पाण्याचा कॅन. तो त्याने चोर पकडल्यासारखा उंच धरला.

“पाणी तळाला?” तो ओरडला. “वाटेत तहान लागली तर काय गाडी उलटी करायची?”

त्याची बायको दारातून घाईने पुढे आली.

“अहो, चुकलं. मी परत लावते.”

“ये. इकडे ये.”

ती गेली. त्याने तिची मान मागून धरली आणि तिला डिकीवर वाकवलं. कपाळ पत्र्याच्या कडेवर आपटलं तो आवाज पायरीवर बसलेल्या म्हातारीला नीट ऐकू आला.

“आधी काय उतरणार?”

“पाणी.”

“मग ते कधी चढवायचं?”

“शेवटी.”

“मग शेवटी चढव ना!” आणि पुन्हा तोच आवाज.

समोरच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या काकांनी कठड्यावरून खाली पाहिलं.

“काय उस्ताद, निघालात वाटतं समुद्रावर, बहिणीकडे?”

“निघतोय काका. बायकांवर सोपवलं की हे असं, दुप्पट काम.” हात अजून मानेवरच होता.

“चालायचंच,” काका हसून म्हणाले आणि दुसऱ्या कुंडीकडे वळले. काका तसे सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजार असावा तर असा, असं लोक म्हणतात. कुठल्या लोकांना विचारतात कोण जाणे.

म्हातारी, म्हणजे उस्तादाची आई, पायरीवर बसून गोळ्यांची पाकिटं पत्र्याच्या डबीत भरत होती. नात तिला खेटून बसली होती. पोरीला दिवसभर गुणगुणायची सवय, म्हणून तिचं नाव पडलं भुंगी. बापाची चाहूल लागली की मात्र आवाज बंद. आत्ताही ती फाटकाजवळच्या एका डब्याकडे बघत होती, आईकडे नाही. कुठे बघायचं नाही हे एवढ्याशा पोरीला कळायला लागलं होतं, आणि म्हातारीला राग आला तो त्याचाच. पण राग येऊन करते काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार या घरात सासूकडून सुनेकडे आला होता. दागिने द्यायला नव्हतेच.

उस्तादाने बायकोची मान सोडली, हात पँटला पुसले.

“अंघोळ करून येतो. तोवर गाडी भरलेली दिसली पाहिजे, नाहीतर तुलाच बांधतो कॅरियरला.”

तो आत गेला आणि न्हाणीत बादली आदळल्याचा आवाज आला. या घरात वस्तू ठेवल्या जात नसत, आदळल्या जात.

आणि गंमत अशी की या माणसाचा धंदा होता लोकांची घरं हलवण्याचा. बशांनी भरलेलं काचेचं कपाट तो चौथ्या मजल्यावरून जसंच्या तसं उतरवायचा. एका बशीला टवका जायचा नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, उस्ताद, तुमच्या हातात जादू आहे. त्याच्या स्वतःच्या घरात एका रंगाचे दोन कप उरले नव्हते.

सामान चढवायचा नियम त्याच्या बापाचा. बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. जे आधी उतरणार ते शेवटी चढवायचं, हे त्याने पोराला कमरेच्या पट्ट्याने शिकवलं आणि पोराने बायकोला नुसत्या हाताने. खाण तशी माती म्हणावं, तर खाण आपणच, हे म्हातारीला ठाऊक होतं. म्हणून ती म्हण ती चुकूनही वापरत नसे.

सून मुकाट्याने डबे गोळा करत होती. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं, पण हात भराभर चालत होते. स्टेपनीशेजारी पेटी, पेटीवर वळकटी, फटीत चपलांच्या पिशव्या, मधे निळी बॅग, वर पाण्याचा कॅन. मग ती घरात गेली, कुठल्याशा खोलीतून काहीतरी घेऊन आली, ते डिकीत ठेवलं आणि गॅस बंद करायला पुन्हा आत पळाली.

म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत उठली. डबी निळ्या बॅगेत ठेवावी म्हणून डिकीपाशी गेली आणि थांबली.

कॅनच्याही पुढे, अगदी दाराच्या कडेला, एक तपकिरी पिशवी होती. चेन पुरती लागली नव्हती. फटीतून काळ्या बुटाचं टोक दिसत होतं, पॉलिश केलेलं. म्हातारीने एका बोटाने चेन सरकवली. शाळेचे बूट. त्याखाली शाळेचा गणवेश, नीट घडी घातलेला. त्याखाली स्वेटर आणि सुनेच्या साड्या.

समुद्रकाठी सुट्टीला जाताना कुणी शाळेचा गणवेश नेतं?

“भुंगे,” ती हळूच म्हणाली, “तुझे बूट कशाला गं घेतले आईने?”

“आईने सांगितलंय, पिशवीबद्दल बोलायचं नाही,” भुंगी म्हणाली. “मग मी नाही बोलत.”

म्हातारीला सगळं एकदम समजलं. गाडी पहिल्यांदा थांबणार ती चौफुल्यावर, पेट्रोलला. दर वेळी तिथेच थांबते. चौफुल्यावर बस स्टँड आहे आणि तिथून सुनेच्या माहेराकडे गाड्या सुटतात. समुद्र एका बाजूला, माहेर दुसऱ्या. सून नवऱ्याबरोबर समुद्रावर निघालीच नव्हती. ती पोरीला घेऊन चौफुल्यापर्यंत निघाली होती.

पण अगं बाई, लपवायचं तर खाली कुठेतरी लपवावं! चोरसुद्धा चोरीचा माल तळाशी घालतो. सुनेला ते सुचलं नसेल असं नाही. पण तिचे हात आता तिचे राहिले नव्हते. लग्न झाल्यापासून कपाळ आपटून आपटून त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, आणि त्यांनी पिशवी ठेवली ती नियमाप्रमाणे. आधी उतरणार, म्हणून शेवटी, सगळ्यांच्या वर. जगात उस्तादाला काय वाचता येत नसेल ते नसो, भरलेली डिकी त्याला एका नजरेत वाचता येत होती.

न्हाणीतलं पाणी थांबलं.

म्हातारीने पिशवी उचलली. वळकटीखाली कोंबावी म्हणून वाकली, आणि तशीच थबकली.

तळाशी घालून काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिचीही एक पिशवी होती, फार वर्षांपूर्वी. उस्ताद तेव्हा कडेवर होता. तिने ती ट्रकच्या अगदी तळात दडवली होती, आणि चौफुल्यावर नवरा चहा प्यायला उतरला तेव्हा पिशवीवर सगळ्या प्रवासाचं ओझं होतं. ओढून ओढून बोटं सोलली, पण ती निघाली नाही. मग तीही चहा प्यायली आणि ट्रकमध्ये चढून बसली. त्याच घरात म्हातारी झाली.

तिने पिशवी होती तिथेच ठेवली. अंगावरची शाल काढून बुटांवर पांघरली, शालीवर गोळ्यांची डबी ठेवली, चेन ओढून घेतली आणि पिशवीला टेकून उभी राहिली.

उस्ताद ओल्या केसांनी बाहेर आला. डिकीसमोर उभा राहून त्याने नजर तळापासून वर नेली. पेटी, वळकटी, बॅग, कॅन. मान समाधानाने हलत होती. मग थांबली.

“ही कुणाची?”

दाराला नुकतंच कुलूप घातलेली सून किल्ली मुठीत धरून वळली. भुंगी आजीच्या पदराआड गेली.

“माझी,” म्हातारी म्हणाली.

“तुझी निळी आहे ना?”

“निळी कपड्यांची. ही औषधांची.”

“औषधांची एवढी मोठी पिशवी? दवाखाना काढतेस का?” तो हसला नाही. “आणि एकदम वर? चौफुल्यावर कुणाला लागणार आहे ही?”

“मला. जेवणाआधीची गोळी असते.”

त्याने वळून बायकोकडे पाहिलं. ती पायाखालच्या फरशीकडे बघत होती, आणि तेच वाईट झालं. त्याला घाबरलेली माणसंही डिकीसारखीच वाचता यायची.

“उघड.”

म्हातारीने चेन सरकवली. शाल दिसली, डबी दिसली.

“खाली काय आहे?” त्याने हात पुढे केला.

“माझे आतले कपडे आहेत!” म्हातारी पिशवीवर हात दाबत कडाडली. एवढा मोठा आवाज त्या अंगणात तिने आजवर काढला नव्हता. “आईच्या पोलक्यांत हात घालणार आहेस? लाज आहे का नाही काही?”

समोरच्या गच्चीवरून काकांनी पुन्हा खाली पाहिलं. उस्तादाचे कान लाल झाले.

“हात काढ.”

“नाही काढत.”

“आई, हात काढ म्हणतो ना!”

“नाही.”

“मग मर तिकडेच!” तो ओरडला आणि डिकीचं दार त्याने सगळी ताकद लावून खाली आपटलं.

दार बसलं नाही. कडेवर म्हातारीची बोटं होती. ते मऊ काहीतरी चेपून परत उसळलं आणि अर्ध्यावर लटकत राहिलं.

म्हातारीने हात बाहेर काढला. दोन नखं काळीनिळी झाली होती, तिसऱ्या बोटाचं कातडं फाटून रक्ताची धार मनगटावरून कोपराकडे निघाली होती. ती ओरडली नाही. न ओरडण्याचा सराव होता.

खुर्च्या, ताटल्या, बायको, एवढ्यावर उस्तादाचं आजवर भागत आलं होतं. आईवर हात कधी गेला नव्हता.

“मधे हात ठेवायची काय गरज होती?” तो म्हणाला. आवाज चिरकला होता. “मला राग येतो माहीत आहे ना तुला? माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” म्हातारी म्हणाली.

सून अंगणातल्या नळावर तांब्या भरून धावत आली आणि सासूच्या हातावर पाणी ओतू लागली.

“आई, तुम्ही कशाला...”

“पाणी घाल. बोलू नकोस.”

उस्ताद दोन पावलं मागे गेला, दोन पुढे आला. कॅरियरवरचा दोर घट्टच होता, तरी त्याने तो पुन्हा ओढून बघितला.

“चौफुल्यावर दवाखाना आहे,” तो शेवटी म्हणाला. “स्टँडच्या मागे. पट्टी करून घेऊ. ही येईल तुझ्याबरोबर आत, मी गाडीपाशी थांबतो.”

सुनेच्या हातातला तांब्या कलला. पाणी बोटांऐवजी फरशीवर पडायला लागलं.

“ती काय येते?” म्हातारी म्हणाली. “मला घेरी आली तर ती उचलणार आहे का मला? तूच चल. हात मोडलास तू, धरायचाही तूच. डॉक्टर सोडेपर्यंत माझ्याजवळ बसायचं, मधेच उठून जायचं नाही.”

आईच्या कोपरावरून टपकणाऱ्या रक्ताकडे त्याचं लक्ष गेलं.

“बरं,” तो म्हणाला.

“आणि मी पुढे बसते तुझ्याशेजारी. त्या दोघी बसतील मागे.” म्हातारीने पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळलं आणि पहिल्यांदाच सुनेकडे नीट पाहिलं. “सूनबाई, दवाखान्यात तू उतरू नकोस माझ्यासाठी. हा आहे माझ्याजवळ. तू तुझ्या पोरीला बघ.”

सुनेने मान हलवली.

उस्तादाने डिकीचं दार आता अगदी हलकेच टेकवलं, एखाद्या गिऱ्हाइकाचं काचेचं कपाट असावं तसं. मग कडीला घालायला खिशातून कुलूप काढलं.

“कुलूप घालू नकोस रे,” म्हातारी पुढच्या सीटवर चढता चढता म्हणाली. “वरची पिशवी आधी लागणार आहे.”

त्याने कुलूप परत खिशात टाकलं आणि गाडी सुरू केली.

गच्चीवरून काकांनी हात हलवला. “सावकाश जा हो! पोचल्यावर कळवा!”

म्हातारीने दुखरा हात मांडीवर घेतला. ठणका खांद्यापर्यंत चढला होता. फाटकातून गाडी बाहेर पडली, तसा मागून बारीक आवाज आला म्हणून तिने मान वळवून मागे पाहिलं. सून पायांपाशी वाकली होती. लांबच्या प्रवासाला लोक चपला काढून पाय वर घेऊन बसतात. सून भुंगीच्या सँडलचे पट्टे एकेक घर आवळत होती.

“आई, घट्ट होतंय गं,” भुंगी कुजबुजली.

“असू दे,” सून म्हणाली.