चंद्राबाईंच्या बांगड्या

गेनबा गेल्याची खबर आली तेव्हा रतनबाई अंगणात नाचणी पाखडत होती. सूप तसंच टाकून ती उठली. गेनबा साधा माणूस, त्याच्याशी तिचं काही वाकडं नव्हतं. वाईटही वाटलं, पण घटकाभरच. मग डोक्यात एवढंच राहिलं, की आज चंद्राबाई विधवा झाली.

या दिवसाची ती अकरा वर्षं वाट पाहत होती. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण खरी आहे.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. नवरा गेला की तिथं प्रेत उचलण्याआधी बाईच्या बांगड्या फोडायच्या. बाईनं स्वतःच्या हातानं फोडायच्या नाहीत, दुसऱ्या विधवेनंच दगड मारायचा. रतनबाईचा नवरा वरंध घाटात टेम्पो उलटून गेला, तेव्हा दगड साळूबाईच्या हातात होता. पण मनगटं धरली होती चंद्राबाईनं. ती रतनबाईची चुलत सासू, भावकीत थोरली, तिच्या शब्दाबाहेर कोण जाणार?

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या वो. त्यांनी भोरच्या बाजारातनं आणल्यात."

"रीत हाय. हात सरळ धर."

काच मनगटात घुसली. तो वण अजून आहे.

त्यानंतरच्या पहिल्याच ग्रामसभेत रतनबाई उभी राहिली. "विधवेच्या बांगड्या फोडायच्या न्हाईत, असा ठराव घ्या." सभा खो खो हसली. पुढच्या सभेला तीच बाई, तेच वाक्य. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. लोकांनी तिचं नाव ठरावबाई पाडलं, हळदीकुंकवाला तर तिला कुणी विचारतच नव्हतं, एसटीत शेजारी बसायच्या त्या बायाही उठून जाऊ लागल्या. चंद्राबाई भर सभेत म्हणाली, "एकटीच्या वरडण्यानं रीत मोडती व्हय?" रतनबाई भांडली नाही. तिनं पुढच्या सभेची तारीख विचारली आणि घरी गेली.

चौथ्या वर्षी साळूबाई काठी टेकत उठली. "म्या नऊ जणींच्या फोडल्या. मला झोप येत न्हाई. हिच्या नावापुढं माझं नाव लिवा." त्या दिवशी कुणी हसलं नाही. मग चंद्राबाईचीच सून वैष्णवी उठली, मग पुरुषांतलेही दोघंतिघं. गेल्या वर्षी ठराव झाला, तेव्हा सगळ्यात आधी हसणारेच छाती काढून सांगत होते, "आमी पयल्यापासनं हेच म्हणत हुतो." रतनबाईला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच आठवड्यात तिनं दहा वर्षांनी पुन्हा हातात बांगड्या भरल्या. ठराव झाल्यापासून वाडीत कुणाचा नवरा गेला नव्हता. गेनबा पहिला.

वैष्णवी धापा टाकत दारात आली. "काकू, आत्याबाईंनी तुमाला बोलावलंय. बांगड्या फोडा म्हणून बसल्यात. साळूआज्जी न्हाई म्हणाली, दुसऱ्याबी कुणी हात लावंनात."

रतनबाईच्या अंगातून आनंदाची शिरशिरी गेली. आपलाच ठराव तिला आठवला, आणि त्या क्षणी तिला त्याची पर्वा नव्हती.

गेनबाच्या अंगणात माणसं गोळा झाली होती. चंद्राबाई पायरीवर बसली होती, कुंकू तिनं स्वतःच पुसलं होतं. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. पुढ्यात दगड ठेवला होता. रतनबाईनं तो उचलला. साळूबाई ओरडली, "रतने, असं करू नगंस!" रतनबाईनं तिकडं पाहिलंही नाही. म्हातारीचं मनगट तिनं घट्ट धरलं, अकरा वर्षांपूर्वी चंद्राबाईनं तिचं धरलं होतं तसंच.

"फोड बाई," चंद्राबाई कळवळून म्हणाली. "तुज्या हाताचं रगत काडलं ते धरमाचं काम म्हणून काडलं. दहा जणींचे हात धरले म्या. माज्याच तशाच ऱ्हायल्या, तर मग म्या तुमच्यासंगं काय केलं गं?"

रतनबाईला तेव्हा कळलं की दगड मारला तर म्हातारी सुटेल. काच फुटेल, दोन थेंब रक्त येईल, आणि चंद्राबाई सुखानं म्हणेल, रीत होती, माझ्याही फोडल्या. फिटंफाट होईल. एवढ्या स्वस्तात तिला सोडायचं नव्हतं.

तिनं दगड कुंपणापलीकडं भिरकावला.

"फोड गं!" चंद्राबाई आता तिचे पाय धरू लागली. "तुज्या पाया पडते."

रतनबाईला दया आली नाही. ती खाली बसली, चंद्राबाईच्या हातातल्या बांगड्या एकेक करून तपासल्या. त्यात एक पिचलेली होती. ती तिनं अलगद उतरवली, स्वतःच्या हातातली एक काढली आणि म्हातारीच्या हातात चढवली.

"आता ह्या जपा, आत्याबाई," ती म्हणाली. "जलमभर मिरवायच्यात."