सहाव्या विषयाला रडणारं बाळ

बैठकीत सहावा विषय आला की माझी लेक रडायची. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा योगायोग वाटला. तिसऱ्यांदा मात्र मनात पाल चुकचुकली.

नगरपालिकेच्या निवृत्तिवेतन निधीवर देखरेख ठेवणारी एक समिती आहे. अध्यक्षसाहेब, लेखाधिकारी, चिटणीस आणि कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली मी. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला लोकांनी कशाला निवडावं? तर ही उलट बोलते म्हणून. निवडून आले तेव्हा लेक पोटात होती, पहिल्या बैठकीला गेले तेव्हा कडेवर. घरात आम्ही तिला भोंगा म्हणतो. का, ते एकदा ऐकलं की कळतं.

बैठकीच्या दिवशी सासूबाई तिला घेऊन यायच्या आणि सभागृहाशेजारच्या पाहुण्यांच्या खोलीत बसायच्या. पालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची हयात गेली. आता त्यांची औषधं, त्यांची खोली, कुणापुढे हात पसरायचा नाही हा त्यांचा ताठा, सगळं याच निधीवर उभं. बाळ रडलं की शिपाईमामा दारातून खूण करायचे आणि मी उठायचे.

"जा, जा बाई," चिटणीस म्हणायचे, "बाळापुढे आम्ही कोण? तुमची सही झालीच आहे."

सभागृहात शिरल्या शिरल्या हजेरीपटावर सही करायची, ही इथली पद्धत. मग माणूस खुर्चीत असो वा नसो, कागदावर तो हजर. मी परत येईपर्यंत चहा आलेला असायचा आणि सहावा विषय 'सर्वानुमते' उरकलेला. हा विषय दर वेळी एकच. निधीचा पैसा कुठे गुंतवायचा हे सांगणाऱ्या सल्लागाराचा अहवाल. त्याचा सल्ला कसा फळला हे लिहिणारा मात्र तो स्वतःच. पेपर काढणार तोच, सोडवणार तोच आणि गुण देणारही तोच. आणि आता तर, समितीला न विचारता पैसा हलवायची मुभा त्याला द्यावी, असा प्रस्ताव पुढच्या बैठकीसाठी आला होता. तोही सहाव्या क्रमांकावर.

"आई, तिथे काहीतरी शिजतंय," मी सासूबाईंना म्हटलं. त्या बाळाचे लंगोट घडी करत होत्या.

"तुझ्या डोक्यात शिजतंय. झोप नाही धड. मला रात्रपाळीच्या शेवटी खाटांखाली माणसं दिसायची."

"खरंच असायची का?"

"एकदा होता एक. बिड्या ओढत." त्यांनी घडी नीट दाबली. "पण एकदाच हो."

त्यानंतर मला सगळ्यांचेच चेहरे वेगळे दिसायला लागले. लेखाधिकारी चष्मा पुसायचे, ते माझी नजर टाळायला. शिपाईमामा जिन्यात भेटले की बाळाची जरा जास्तच चौकशी करायचे. एकदा तर सासूबाईंवरही शंका आली. यांनीच चिमटा काढला नसेल ना? मग त्या भोंग्याला मांडीवर घेऊन तिच्या तळव्यांना तेल लावताना दिसल्या आणि माझं मलाच कसंतरी झालं.

त्या प्रस्तावाच्या बैठकीच्या दिवशी मी लेकीला दारातच पोटभर पाजलं. दूध ओठांच्या कोपऱ्यातून ओघळेपर्यंत. ती झोपली, मुठी सैल पडल्या. आता काही झालं तरी ही उठायची नाही, असं स्वतःला बजावून मी आत गेले आणि सही केली.

पाचवा विषय संपत आला. चिटणिसांचा हात टेबलाखालच्या घंटेकडे गेला. बाहेर ती दोनदा वाजली. चहा सांगत असतील. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून भोंगा सुरू झाला.

दारात शिपाईमामा. "बाई, बाळ..."

पाहुण्यांच्या खोलीत सासूबाई तिला खांद्यावर थोपटत होत्या, पण रागाने लाल झाल्या होत्या त्या माझ्यावर.

"आज कशाला उठवायला लावलंस गं? गाढ झोपली होती पोर!"

"मी? मी कुठे उठवायला सांगितलं?"

"हे मामा येऊन सांगतात ना दर वेळी, बाईंनी बाळाला उठवायला सांगितलंय म्हणून. मला वाटलं, तुला तेवढीच सवड मिळते, तेव्हा पाजून घेत असशील. म्हणून जिवावर येऊनही उठवायचे."

मी शिपाईमामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"चिटणीससाहेबांनी सांगून ठेवलंय. घंटा दोनदा वाजली की बाळाला उठवायला सांगायचं. बाईंची सोय आहे म्हणाले. मला वाटलं, तुमचंच सांगणं असेल."

कुणीच मला विचारलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, आपण बाळाच्या आईवर उपकार करतोय.

माझ्या लेकीची झोप मोडत होते ते. पैशाचं नंतर, आधी तेच डोक्यात गेलं. मी तिला उचललं, शालीत घेतलं आणि पाजत पाजतच सभागृहात शिरले.

चिटणीस "सर्वानुमते" या शब्दापर्यंत आले होते, तिथेच थांबले.

"अरे वा, छोट्या मॅडम!" अध्यक्षसाहेब गोड हसले. "बाई, निवांत बसा की बाहेर."

"बाहेरच निघालेय. सही न्यायला आले." मी हजेरीपट ओढला आणि माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. "मी खोलीत नसेन, तर तीही नसावी."

लेखाधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "अहो, असं करू नका. कर्मचाऱ्यांचा सदस्य नसला तर बैठकच ग्राह्य धरली जात नाही."

"धरली जात नाही ना? मग मी बाहेर असताना झालेले ठराव कसे धरले?"

चिटणीस कागद चाळायला लागले. भोंग्याचं गिळणं ऐकू येत होतं.

"बाई, आमच्यावर विश्वास नाही का?" अध्यक्षसाहेब दुखावल्यासारखे म्हणाले.

"नाही. ही देखरेख समिती आहे, साहेब. विश्वास समिती असती तर मी घरीच बसले असते."

लेखाधिकाऱ्यांनी घसा खाकरला. "साहेब, मुभेचा विषय मागे घेऊ या. आणि बाईंच्या गैरहजेरीत मंजूर झालेले अहवाल बाहेरच्या माणसाकडून तपासून घेऊ. उद्या कुणी विचारलं, तर माझीही सही आहे त्यांवर." त्यांचा धीर होता की भीती, कोण जाणे. मी मात्र चिटणिसांना दोन्ही वाक्यं लिहून घ्यायला लावली, वाचून घेतली आणि मगच रेघेच्या बाजूला नव्याने सही केली.

निघताना अध्यक्षसाहेब दारापर्यंत आले. "बाळाची फार आबाळ होते हो. पुढच्या वेळी पाळण्याची सोय करतो. वरच्या मजल्यावर, शांत खोली आहे."

"लांब कशाला?" सासूबाई व्हरांड्यातून म्हणाल्या. "तुमच्या खुर्चीशेजारीच ठेवा. झोका मी देईन."

ते हसले. आम्ही जिना उतरायला लागलो. लेक खांद्यावर झोपली होती, तिचा गरम श्वास मानेवर येत होता. चार पायऱ्या उतरलो असू, तेवढ्यात वर घंटा वाजली. दोनदा.

भोंग्याने टक्क डोळे उघडले.

मी तिच्या कानावर हात ठेवला आणि मागे वळून पाहिलं. सभागृहाचं दार आतून बंद होत होतं.