लिंडेच्या डाव्या पायाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाल पट्टी आहे. माणसाच्या नव्हे, घोड्याच्या पायाची. शर्यतीच्या घोड्याचा सराव झाला की त्याच्या दमलेल्या पायांना आम्हाला गुंडाळतात. सारा जन्म घोड्यांच्या गुडघ्याखाली गेल्यामुळे शर्यत मला कधी धड दिसली नाही. पाय मात्र मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतात. ही बढाई नाही. बढाई मारण्यासारखे माझ्याकडे आता काही उरलेले नाही.

माझा जन्म पुण्याचा. तिथल्या रेसकोर्सजवळ विठ्ठल नावाचे सईस राहत. घोड्याला खरारा करणे, त्याला न्हाऊ घालणे, त्याचे दुखणेखुपणे पाहणे हे त्यांचे काम. त्यांच्या पत्नी गयाबाई यांनी एका जाड लाल कांबळ्याच्या चार पट्ट्या केल्या, हाताने कडा शिवल्या, टोकांना नाड्या लावल्या. त्या चौघींतली मी एक.

विठ्ठल यांचा एक नियम होता. पट्टी सोडली की आधी हात, मग पाणी. उघड्या पायावरून तळहात फिरवायचा. कुठे कोमट लागले तर आतली शीर दुखावली आहे असे समजायचे आणि त्या दिवशी घोडा पळवायचा नाही. आधी पाणी मारले तर पाय गार होतो आणि दुखणे लपून बसते. त्यांच्या मुलीला, प्राचीला, हे पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते.

प्राची शिकली, इंजिनिअर झाली आणि जर्मनीत रेगेन्सबर्गला नोकरीसाठी आली. बॅगेत लोणच्याच्या बरणीभोवती आम्ही चौघी गुंडाळलेल्या होतो. गावाबाहेर फ्राऊ हुबर नावाच्या सत्तरीच्या बाईंचा तबेला होता. शनिवार-रविवारी प्राची तिथे हौसेने राबू लागली. तिथल्या गुळगुळीत, ताणल्या जाणाऱ्या नव्या पट्ट्या आमच्याकडे पाहून नाके मुरडत. फ्राऊ हुबर यांनी मात्र मला हातात घेतले, ओढून पाहिले आणि म्हणाल्या, "गुट." म्हणजे छान. त्या बाई एवढेच कौतुक करतात, त्यामुळे मी आठवडाभर हवेत होते.

मग लिंडे आली. तांबूस रंगाची, लांब पापण्यांची घोडी. प्राची खाली बसून मला बांधू लागली की लिंडे तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राही. मी तिच्या पुढच्या डाव्या पायाची. तीन वर्षे तो पाय माझा होता. किती प्रेम होते माझे त्या पायावर, कसे सांगू!

यंदाच्या ऑक्टोबरात मोठी अडथळ्यांची शर्यत होती. अठरा अडथळे, चार किलोमीटर. आदल्या दिवशी सराव झाल्यावर प्राचीने मला बांधले आणि नेहमीप्रमाणे पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. दर शनिवारी बापलेक उद्याच्या शर्यतीचा अंदाज बांधत. आठवडाभर दोघे त्या अर्ध्या तासाची वाट पाहत.

"आबा, फाल्को यावेळी तीन किलो जास्त वजन घेऊन पळतोय."

"मग शेवटच्या दोन अडथळ्यांना दमेल बघ. आणि तो काळा, ग्राफ रुडी?"

"इथे दोन दिवस पाऊस आहे."

"त्याला चिखल मानवत नाही म्हणाली होतीस."

"गेनाऊ! अगदी बरोबर! मध्येच थांबवतील त्याला."

"मग उरलं कोण?" आबा हसले. "आपली लिंडे."

मित्रांनो, ते बोलत होते तेव्हाच मला कळू लागले होते. पायाच्या नळीच्या हाडामागे, दोन बोटे रुंद जागेत, पाय कोमट झाला होता. पहाटेपर्यंत तो चांगलाच तापला. मी काय करणार? पट्टीला तोंड नसते. सकाळी प्राचीचा हात लागेल, एवढ्या भरवशावर मी होते.

सकाळी सात वाजता प्राची आली. घोड्यांची गाडी दारात उभी होती आणि फोन वाजत होता. तिने एका हाताने मला सोडले, दुसऱ्या हाताने फोन घेतला.

"प्राची, जाण्याआधी मला लिंडेचं तोंड दाखव गं," आबा म्हणाले.

प्राचीने फोन उंच धरला. रिकाम्या हाताने तिने पाण्याची नळी उचलली आणि पायांवर गार पाणी सोडले. मी बादलीच्या काठावर लोंबकळत होते. वीस मिनिटे पाणी पडत राहिले आणि आबा कौतुक करत राहिले. नंतर घोड्यांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला. "आलेस गुट," ते म्हणाले, सगळे ठीक आहे. पाय गारच होता.

मी प्राचीच्या जॅकेटच्या खिशात शर्यतीला गेले. लाउडस्पीकरवरून नावे ऐकू येत होती. ग्राफ रुडीला मध्येच थांबवले. फाल्को मागे पडू लागला. आबांचा अंदाज तंतोतंत खरा होत होता. लिंडे पुढे होती. सतराव्या अडथळ्यावरून तिने उडी घेतली, डावा पाय जमिनीवर टेकला आणि प्राची किंचाळली.

प्राची धावत गेली. तिने खिशातून मला काढले आणि त्याच पायाला गुंडाळू लागली. पाय भाजत होता आणि आत काहीच जागेवर नव्हते. लिंडेने मान उचलून हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवायचा प्रयत्न केला. लोकांनी भोवती हिरवा पडदा धरला. घोड्याला कायमचे झोपवायचे असते तेव्हा तो धरतात. "लासेन झी, प्राची," फ्राऊ हुबर हळूच म्हणाल्या, राहू दे. प्राचीने मला सोडले. तेव्हा तिने पायावरून तळहात फिरवला.

संध्याकाळी फोन आला. प्राचीने सगळे सांगितले. मग आबा म्हणाले, "सकाळी हात फिरवला होतास ना?"

"नाही, आबा."

मग आबांचा आवाज फुटला. "तुझा एक हात तर मीच अडकवून ठेवला होता गं."

आता दर शनिवारी फोन येतो. जेवलीस का, थंडी किती आहे, एवढेच बोलणे होते. घोड्यांचे नाव कुणी काढत नाही. माझ्या तिघी बहिणी इतर घोड्यांना गेल्या. मला प्राचीने धुतले नाही. माझ्या विणीत लिंडेचे तांबूस केस अजून अडकलेले आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी गाय असेल, कुत्रे असेल, नाहीतर पाळण्यातले बाळ असेल. त्याला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्याजवळ जाल तेव्हा हातातले बाकी सगळे खाली ठेवा आणि आधी त्याच्या अंगावरून हात फिरवा. मी तिथेच होते, मला सगळे ठाऊक होते, आणि मला कुणी विचारले नाही.