मोटरीले आवतन

हिवरखेडचा किसनराव माळी तसा हिशेबी माणूस, पण मोटरीपायी येडा झाला होता. अमरावतीच्या एका गोऱ्या साहेबाची जुनी गाडी त्यानं घेतली, मागची बैठक उपटून तिथं वांग्या-मिरच्यांची पोती लादायला जागा केली. त्यासाठी गोठ्यातला शेवटचा बैल, सोन्या, बाजारात विकला. जन्मभर ज्यानं बंडी ओढली, त्याला! बायको वच्छला महिनाभर धड बोलली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पंजाबराव मिस्त्रीनं मोटरीचं इंजन खोललं, साफ केलं, परत बसवलं, सुरू करूनही दाखवलं. संध्याकाळी गावभर खांदमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची अन् बैलाला सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन घेतलेल्याला दुसऱ्या दिवशी जुंपायचं नाही, मग आभाळ का कोसळेना. वच्छला तुपाची वाटी घेऊन गोठ्यात गेली. तिथं मोटर उभी होती. तिनं इंजनाचं झाकण उघडून आत-बाहेर तूप-हळद चोळली अन् वाकून आवतन दिलं. किसनराव पोट धरून हसला.

सकाळी त्याचं हसू आटलं. बाळंतपणाला माहेरी आलेली एकुलती लेक शालू, पहिलटकरीण, कळा देऊन देऊन थकली होती. सुईण गंगूबाई बाहेर आली.

"किसना, लेकरू आडवं हाय. अकोल्याले ने, दवाखान्यात. दिवस मावळेलोक थांबला तं दोघंबी जातीन."

किसनरावानं हँडल मारलं. इंजन साधं खोकललंही नाही. खांदे भरून आले, तरी नाही. पोळ्याला गावातच सासुरवाडीत थांबलेला पंजाबराव हातातला घास टाकून आला. पेट्रोल येत होतं. तारांवर ओघळलेलं पिवळं तूप पाहून तो वच्छलेवर डाफरला, "हे काय चोळून ठेवलं वो वयनी?" त्यानं तारा पुसल्या, प्लग घासले. ठिणगी निळी, कडक पडली. पुन्हा हँडल. पुन्हा काही नाही.

"सारं जागच्या जागी हाय," तो घाम पुसत म्हणाला. "मंग काहून चालून नाई राहिली?"

किसनरावानं झाकणावर हात ठेवला अन् चटकन मागं घेतला. इंजन रात्रभर बंद, पण पत्रा कोमट होता. त्याच्या तळव्याखाली तो थरारला, माशी बसल्यावर बैलाची कातडी थरारते तसा. मग आतून लांब उसासा आला. किसनरावाला तो ओळखीचा होता. पंजाबरावानंही ऐकला. पान्हा खाली ठेवून तो मागं सरकला.

घरातून शालूची किंकाळी आली. जनाची लाज गेली चुलीत! किसनरावानं झाकणाला कपाळ टेकलं.

"सोन्या, तुले आवतन देल्लं अन् तरी जुंपून राहिलो. चुकलो बाप्पा. पण माही पोरगी मरते. आजचं जू माह्या खांद्यावर दे. तू फक्त चाल."

हँडलला कोणाचा हात नव्हता. इंजन सुरू झालं.

शालूला मागं गोधडीवर निजवलं, वच्छला तिच्या उशाशी बसली. मोटर अशी हलकी पळत होती, की रस्त्यात चिखल आहे हे तिला ठाऊकच नसावं. किसनरावाला मात्र ठाऊक होतं. चढ आला की त्याचे खांदे पिळवटत, चाक रुतलं की छातीत दम कोंडे. उतारावर तेवढं बरं वाटे.

दिवेलागणीला अकोल्याच्या दवाखान्यात शालू सुटली. मुलगी झाली. दोघी जित्या होत्या.

व्हरांड्यात वच्छला सुखानं रडली. मग डोळे पुसता पुसता तिचं लक्ष नवऱ्याकडं गेलं. "आवं, सदरा पाठीले काहून चिकटला तुमचा?"

तिनं सदरा सोडवून वर केला. मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांवर, जू घासून पडतो तसा आडवा वळ होता. कातडी सोलून रक्ताळली होती.

वच्छलेनं घाईत सोबत घेतलेल्या शिदोरीतलं तूप बोटांवर घेतलं अन् हळूहळू चोळू लागली. चोळताना तिचे ओठ सवयीनं हलले.

"आज आवतन घ्या..." ती पुटपुटली, अन् दचकून थांबली.

किसनरावानं मान खाली घातलेली होती.

"पुढचं बोल," तो म्हणाला. "मी आयकून राहिलो."